वनऱ्हासाचे मापन : नकाशावरील हिरवा रंग व उपग्रहचित्रातील तांबडा

भारतातील वनांचा ऱ्हास नेमका किती झाला, या प्रश्नाला आज एक निश्चित वाटणारे उत्तर उपलब्ध आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातील सी. सुधाकर रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९३० मध्ये देशात ८,६९,०१२ चौ. कि. मी. वन होते, २०१३ मध्ये ते ६,२५,५६५ चौ. कि. मी. उरले. म्हणजे त्र्याऐंशी वर्षांत २,४३,४४७ चौ. कि. मी., अथवा शेकडा २८ इतकी निव्वळ घट झाली. आजच्या महाराष्ट्र राज्याच्या एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे चार पंचमांश भरेल एवढे हे क्षेत्र होय. अभ्यास परिश्रमपूर्वक केलेला आहे आणि त्याच्या कर्त्यांनी आपली पद्धतीही मांडली आहे. तथापि हा आकडा पुढे पाठ्यपुस्तकांत, शासकीय टिपणांत व न्यायालयीन युक्तिवादांत ज्या रीतीने वावरू लागतो, ती रीत पाहता त्याच्या पायाशी असलेल्या साधनांची चिकित्सा इतिहासाच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे ठरते. वजाबाकीचे एक पद कागदावर छापलेल्या नकाशातून आले आहे आणि दुसरे उपग्रहाने टिपलेल्या चित्रातून. बखर आणि कैफियत यांची साक्ष एकाच मापाने घ्यावयाची नसते, हे ज्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी शिकविले जाते, त्यास येथे थबकण्यास पुरेसे कारण आहे.

नकाशापूर्वीच्या काळाविषयी बोलावयाचे तर लेखी साधने विपुल आहेत, परंतु त्यांतून क्षेत्रफळ निघत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी सागवानासारखे लाकूड परवानगीने तोडावे, आंबा-फणसांस हात लावू नये, असे नियम आढळतात. त्यावरून अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जहाजबांधणीच्या लाकडाची चिंता राज्यकर्त्यांस होती एवढे सिद्ध होते. कोकणपट्टीत साग किती बिघे होता हे सिद्ध होत नाही. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, त्यानंतरच्या अहवालांचीही स्थिती काही काळ हीच होती. वर्णन असते, तक्रार असते, क्वचित भीतीही असते, माप नसते.

माप आले ते मोजणी खात्यामुळे. १९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने एक इंचास एक मैल या प्रमाणाची बहुरंगी नकाशामाला हाती घेतली. अक्षांश-रेखांशांच्या पंधरा-पंधरा कलांचे एकेक पत्रक. पाणी निळे, उंचीच्या रेषा तपकिरी, लागवडीची जमीन पिवळसर, आणि झाडीचा प्रदेश हिरवा. दीर्घकालीन वनऱ्हासाच्या बहुतेक सर्व अभ्यासांचा आरंभबिंदू हा हिरवा रंग होय. अशा अभ्यासात ही पत्रके, अथवा त्यांवरून लहान प्रमाणावर बेतलेले पाव इंची नकाशे, संगणकावर उतरवून घेतात. टेकडीवरील त्रिकोणमितीय ठाणी, नद्यांचे संगम, मंदिरे अशा न हलणाऱ्या खुणा उपग्रहचित्रावरील त्याच ठिकाणांशी जुळवितात, आणि मग हिरव्या भागाची सीमा रेखाटून तिचे क्षेत्रफळ काढतात. जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर आधारलेले आहेत व उपग्रहचित्रे दुसऱ्या. त्यामुळे ही जुळणी काळजीपूर्वक न झाल्यास रानाचा तुकडाच्या तुकडा जागेवरून सरकतो. एक इंची नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर, पाव इंचीवर २५३ मीटर. विस्तीर्ण सलग अरण्यात ही चूक नगण्य ठरते. मात्र सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारख्या प्रदेशात रान दऱ्यांतून अरुंद पट्ट्यांनी उतरते, आणि तेथे कडेची चूक मूळ रानाएवढी होऊ शकते.

परंतु भूमितीच्या चुका सुधारता येतात. अधिक अवघड प्रश्न असा की, सर्वेक्षकाने हिरवा रंग कशास दिला? त्याच्यापुढे छत्र-घनतेची शेकडेवारी नव्हती. तो हिवाळ्यात व उन्हाळ्यात रानात हिंडत होता, फलकयंत्रावर उंचसखलपणा व वाटा उतरवीत होता, आणि जेथे झाडी आहे असे त्यास वाटले तेथे ती दाखवीत होता. दाट मिश्र जंगल, विरळ जंगल, खुरटी झुडपे असे शब्द तो पत्रकावर लिहीत असे. हे शब्द मौल्यवान आहेत, पण अनेक अभ्यासांत नकाशाचे संगणकीकरण होताना तेच प्रथम गळून पडतात व सरसकट हिरवा रंग उरतो. याशिवाय राखीव वनाची सीमा निराळ्या चिन्हाने दाखविलेली असे. ही सीमा १८७८ च्या, व पुढे १९२७ च्या वन कायद्यान्वये ठरलेली, म्हणजे मालकीची रेषा होती. तिच्या आत गवताळ माळ, उघडे कातळ व पडीक उतार यांचाही समावेश असे, तर तिच्याबाहेर खाजगी मालकीचे दाट रानही असू शके. हिरवा रंग आणि राखीव वनाची सीमा यांचा घोटाळा करून काढलेले क्षेत्रफळ म्हणजे झाडांचे व हक्कांचे मिश्रण होय.

कालाचा प्रश्न आणखी निराळा आहे. १९३० हे एक प्रातिनिधिक साल आहे. देशातील सर्व पत्रकांची पाहणी त्या एका वर्षी झालेली नव्हती. प्रत्येक पत्रकाच्या समासात पाहणीचे, प्रकाशनाचे व फेरछपाईचे साल स्वतंत्रपणे दिलेले असते आणि त्यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. अमेरिकी लष्कराच्या नकाशा सेवेने १९५० च्या दशकात भारताचे १ : २,५०,००० प्रमाणाचे नकाशे छापले. ते आज सहज मिळतात म्हणून विद्यार्थी त्यांचा उपयोग करतात. परंतु ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या आधीच्या पत्रकांवरून तयार केलेले आहेत. छपाईचे साल घेऊन ते १९५५ चे वन म्हणून मोजणारा अभ्यासक पुष्कळदा दुसऱ्या महायुद्धापूर्वीचेच वन मोजत असतो. समासातील बारीक अक्षरे वाचण्याची सवय ताम्रपटाच्या अभ्यासकास असते. नकाशाच्या अभ्यासकासही ती हवी.

आता दुसऱ्या पदाकडे वळावे. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहापासून पृथ्वीच्या पृष्ठभागाची नियमित चित्रे मिळू लागली. वनस्पतीची पाने अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, आणि रूढ संकेताप्रमाणे ते किरण चित्रात तांबड्या रंगाने दाखवितात. सबब नकाशावर जे हिरवे, ते येथे तांबडे. पहिल्या लँडसॅटचा पिक्सेल सुमारे ८० मीटरचा, म्हणजे जवळजवळ दीड एकराचा होता. १९८२ पासून तो ३० मीटरवर आला, भारताचा आय.आर.एस.-१ए उपग्रह मार्च १९८८ मध्ये व आय.आर.एस.-१सी १९९५ मध्ये गेल्यावर देशी साधनेही हाती आली. उपग्रहाचा मोठा गुण असा की तो सर्व प्रदेशाकडे एकाच दृष्टीने पाहतो आणि त्याच्या चित्रावर दिनांक असतो. दोष असा की तो फक्त छत्र पाहतो. पानगळीच्या रानाचे मार्चमधील चित्र घेतले तर सागाचे उभे वन ओसाड भासते. म्हणून पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांतील चित्रे पसंत करतात. आंब्याची बाग, रबराची लागवड आणि देवराई या तिन्ही वरून तांबड्याच दिसतात.

या साधनाने आरंभीच किती गोंधळ उडविला त्याचा एक दाखला उद्बोधक आहे. सरकारी दप्तरात वनभूमी सुमारे साडेसात लाख चौ. कि. मी. धरली जात असे. राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने उपग्रहचित्रांवरून हिशेब केला तेव्हा १९७२-७५ मध्ये सुमारे ५.५५ लाख व १९८०-८२ मध्ये सुमारे ४.६३ लाख चौ. कि. मी. एवढेच वन निघाले. सात-आठ वर्षांत ९० हजारांहून अधिक चौ. कि. मी. रान नाहीसे झाले, या वार्तेने देशात खळबळ माजली. त्यानंतर १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेने १९८१-८३ च्या चित्रांवरून आपला पहिला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात वन सुमारे ६.४० लाख चौ. कि. मी. असल्याचे दिसले. जवळजवळ त्याच वर्षांची चित्रे, तोच देश, आणि फरक पावणेदोन लाखांहून अधिक. एवढे रान दोन कचेऱ्यांच्या दरम्यान उगवू शकत नाही.

तसाच प्रकार पुढेही घडला, मात्र उलट दिशेने आणि फारशी खळबळ न होता. १९९९ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ६,३७,२९३ चौ. कि. मी. होते, २००१ च्या अहवालात ते ६,७५,५३८ झाले. या वाढीचे मुख्य कारण रानात शोधावयाचे नाही. तोवर १ : २,५०,००० प्रमाणावर काम चाले व २५ हेक्टरांहून लहान तुकडा मोजला जात नसे. २००१ मध्ये संपूर्ण देशासाठी १ : ५०,००० प्रमाण व संगणकीय पद्धत स्वीकारली गेली आणि एक हेक्टराचा तुकडाही मोजणीत आला. चाळणीची भोके बारीक झाली की दाणे अधिक उरतात, एवढेच. या संस्थेची व्याख्याही ध्यानात घ्यावयास हवी : एक हेक्टर वा त्याहून अधिक क्षेत्र, छत्र-घनता शेकडा १० वा अधिक, मालकी, जाती, कायदेशीर दर्जा यांचा विचार नाही. या व्याख्येनुसार २०१३ च्या अहवालात ६,९७,८९८ चौ. कि. मी. वनाच्छादन होते. त्याच सालासाठी रेड्डी यांचा आकडा ६,२५,५६५ आहे. बहात्तर हजार चौ. कि. मी. चे हे अंतर झाडांतील नसून नियमांतील आहे.

हे ध्यानी घेऊन आरंभीच्या आकड्याकडे पुन्हा पाहिले म्हणजे त्याची घडण उलगडते. रेड्डी यांच्या अभ्यासात घटीची वार्षिक सरासरी १९३०-७५ या काळात ४,७९५ चौ. कि. मी. आहे. पुढे ती १९७५-८५ मध्ये १,४७६, १९८५-९५ मध्ये ७६७, १९९५-२००५ मध्ये ३५६ आणि २००५-१३ मध्ये २०९ अशी उतरत जाते. गुणाकार करून पाहिल्यास एकूण घटीपैकी शेकडा ८८ हून अधिक भाग पहिल्या पंचेचाळीस वर्षांत पडतो. आणि नेमका हाच एक कालखंड असा आहे की ज्याचे एक टोक नकाशात व दुसरे उपग्रहचित्रात आहे. पुढील सर्व कालखंडांत उपग्रहाची तुलना उपग्रहाशी होते. ज्या ठिकाणी साधन बदलले त्याच ठिकाणी सर्वांत मोठा बदल दिसावा, हा योगायोग असू शकतो. पण इतिहासकाराने तो योगायोग आहे असे गृहीत धरून चालणार नाही.

तो केवळ साधनबदलाचा आभास आहे असे म्हणणेही तितकेच अविचाराचे होईल. या पंचेचाळीस वर्षांत काय घडले हे कागदपत्रांतून ज्ञात आहे. महायुद्धाची लाकडाची मागणी, १९४३ पासूनची अधिक धान्य पिकवा मोहीम, संस्थानांचे विलीनीकरण व जमीनदारी नष्ट होण्यापूर्वी मालकांनी घाईने केलेली तोड, फाळणीनंतरच्या वसाहती, १९५८ पासूनचा दंडकारण्य प्रकल्प, मोठी धरणे, हे सर्व याच काळातले आहे. १९५१ ते १९८० या काळात सुमारे ४३ लाख हेक्टर, म्हणजे ४३,००० चौ. कि. मी. वनभूमी अन्य कामांसाठी दिली गेली, आणि तीपैकी सुमारे २६ लाख हेक्टर शेतीकडे गेली, असे सरकारी आकडे सांगतात. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामागे हीच पार्श्वभूमी होती. परंतु ४३,००० हा आकडा २,१५,००० च्या एक पंचमांशाइतका आहे. उरलेल्या चार पंचमांशांत १९५१ पूर्वीची तोड, दप्तरी न आलेली अतिक्रमणे व खाजगी रानांचा नाश किती, आणि सर्वेक्षकाचा सैल हिरवा रंग किती, याची वाटणी अखिल भारतीय बेरजेतून होऊ शकत नाही. ती पत्रकागणिक व जिल्ह्यागणिक, महसुली दप्तराशी ताडूनच करावी लागेल.

सह्याद्रीच्या बाबतीत अशी वाटणी करण्याची निकड विशेष जाणवते. शैली मेनन व कमलजित बावा यांनी १९९७ मध्ये दाखविले की १९२० ते १९९० या काळात पश्चिम घाटातील नैसर्गिक वनस्पती सुमारे शेकडा ४० ने घटली. रेड्डी, झा व दढवाल यांच्या २०१६ च्या अभ्यासात १९२० च्या सुमारापासून २०१३ पर्यंतची घट शेकडा ३५.३ आहे. अधिक लांबलेल्या काळात घट कमी कशी? मधल्या काळात रान परतले असे कोणी म्हणेल. पण त्याआधी दोन्ही अभ्यासांच्या व्याख्या व सीमा ताडून पाहाव्या लागतील. पश्चिम घाट म्हणजे किती, याविषयीच एकमत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये तो १,२९,०३७ चौ. कि. मी. धरला, तर कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये १,६४,२८०. भागाकाराचा छेद बदलला की शेकडेवारी बदलते. दक्षिणेकडील भागापुरते, आणि उपग्रहाची तुलना उपग्रहाशीच करून, झा, दत्त व बावा यांनी १९७३ ते १९९५ या बावीस वर्षांत शेकडा २५.६ घट दाखविली आहे. साधन तेच ठेवल्यामुळे या आकड्यावर, निदान त्याच्या मर्यादित क्षेत्रात, अधिक भरवसा ठेवता येतो.

महाराष्ट्राच्या बाजूस अडचण निराळ्या स्वरूपाची आहे. रत्नागिरी जिल्ह्यात राखीव वन अत्यल्प. बहुतेक झाडी मालकीची. तरीही वन सर्वेक्षणाच्या अहवालांत जिल्ह्याचे वनाच्छादन सुमारे निम्म्या क्षेत्रावर दिसते, कारण कलमी आंबा व काजू यांच्या बागांचाही त्यात समावेश होतो. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू झाल्यावर वरकस जमिनींवर या बागा झपाट्याने वाढल्या. कातळावर बाग उठली तर आच्छादन खरोखरच वाढले; ऐन, किंजळ, जांभा यांचे रान तोडून तेथे बाग उठली तरीही आकडा मात्र हलत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडील रबराच्या लागवडीविषयी हेच म्हणता येईल. नकाशातील हिरव्याची व चित्रातील तांबड्याची निव्वळ वजाबाकी अशा ठिकाणी शून्याजवळ येईल, आणि त्या शून्याखाली एक संपूर्ण रान पुरलेले असेल.

ठाणे व जुन्या कुलाबा जिल्ह्यांत याच्या उलट चूक संभवते. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याकरिता शेतकरी झाडांचे टहाळ तोडीत. डोंगरउतारावर ठाकूर, कातकरी व महादेव कोळी दळीच्या जमिनींत नाचणी-वरी पिकवीत व जमीन काही वर्षे पडीक सोडीत. या वहिवाटींवरील निर्बंधांमुळे इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारास वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. पडीक सोडलेल्या दळीवर चार वर्षांत झुडुपे वाढत. सर्वेक्षक त्या वर्षी तेथे आला तर नकाशावर रान उमटे, नांगरटीच्या वर्षी आला तर मोकळी जमीन. पुढे उपग्रहाने तीच जमीन पिकाखाली पाहिली की हिशेबात वनऱ्हास झाला, आणि ऱ्हास करणारा म्हणून दळीधारकाचे नाव लागले. वस्तुतः तेथे शंभर वर्षे एकच चक्र फिरत होते. शिवाय अर्ध्या-एक एकराची दळी ८० मीटरच्या पिक्सेलात मावतच नाही. ती शेजारच्या झाडीच्या तांबड्यात मिसळून जाते व तेथे कोणी कसतच नव्हते असे चित्र उभे राहते.

ही चर्चा केवळ पद्धतिशास्त्राची राहिलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींस त्यापूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. २००५ मधून पंचाहत्तर वजा केले असता १९३० येते. वनऱ्हासाच्या अभ्यासाचा आरंभबिंदू आणि दावेदाराच्या पुराव्याचा आरंभबिंदू असे एकाच सालाशी येऊन मिळतात. पुराव्याच्या यादीत नकाशे व उपग्रहचित्रे दोन्ही आहेत. दावा पडताळताना चित्रात लागवड दिसत नाही या कारणावरून तो फेटाळण्याची प्रवृत्ती दिसू लागल्यावर सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांत खुलासा करण्यात आला की उपग्रहचित्रे अन्य पुराव्यास पूरक ठरतील, त्याची जागा घेणार नाहीत. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये केवळ चित्रांवर विसंबून दावे निकालात काढण्यास मान्यता दिली नाही.

नकाशा व लँडसॅट यांमधील पोकळी काही अंशी भरून काढणारे एक साधन अलीकडे उपलब्ध झाले आहे. अमेरिकेच्या कोरोना या टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर घेतलेली आठ लाखांहून अधिक चित्रे फेब्रुवारी १९९५ मध्ये गुप्ततेच्या बंधनातून मुक्त करण्यात आली. त्यांतील शेवटच्या मालिकेची सूक्ष्मता सुमारे दोन मीटर आहे. म्हणजे एकेका झाडाचे छत्र व दळीचा बांध ओळखता येतो. ती कृष्णधवल आहेत, अवरक्त किरणांची नोंद त्यांत नाही, आणि डोंगराच्या सावलीतील दरी व झाडीने भरलेली दरी यांचा भेद करताना डोळ्यास ताण पडतो. परंतु रायगड-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यासाठी १९३० च्या सुमाराचे एक इंची पत्रक, १९६० च्या दशकातील कोरोना-चित्र, १९७० च्या दशकातील लँडसॅट आणि गावच्या दळी-नोंदी एकत्र मांडल्या, तर सर्वेक्षकाने हिरवे रंगविलेल्या उतारांपैकी किती उतारांवर खरोखर रान होते व ते केव्हा गेले, हे गावागणिक तपासता येण्याजोगे आहे. पत्रके डेहराडूनच्या व राज्याच्या अभिलेखागारांतून, लँडसॅटची चित्रे २००८ पासून विनामूल्य, आणि दळी-नोंदी वन खात्याच्या व तहसीलच्या दप्तरांत शोधाव्या लागतील. या तिहींत सर्वांत आधी जीर्ण होणारे साधन म्हणजे शेवटचे.